लहान खोलीत स्टिरिओ लावताना: आधी बैठक, मग स्पीकर, खरेदी सगळ्यात शेवटी

दहा बाय बाराच्या बेडरूममध्ये किंवा वन बीएचकेच्या हॉलमध्ये चांगल्यातले चांगले स्पीकर आणून ठेवले, तरी पुष्कळदा गाणं भिंतीला चिकटल्यासारखं ऐकू येतं. डग्गा नुसता घुमतो, गायकाचा आवाज एका बाजूला ओढला जातो आणि दहा मिनिटांत कान दमतात. अशा वेळी बहुतेक जण नवा ॲम्प्लिफायर बघायला निघतात. माझी कळकळीची विनंती आहे की त्याआधी खुर्ची हलवून बघा. लहान खोलीत तुम्ही कुठे बसता आणि स्पीकर भिंतीपासून किती अंतरावर आहेत, या दोन गोष्टींनी आवाजात जेवढा फरक पडतो, तेवढा यंत्रं बदलून पडत नाही. त्यासाठी खर्चही नाही. एक मोकळा रविवार आणि मदतीला घरातलं एक माणूस पुरतं.

मी माझी खोली लावायला घेतली तेव्हा लक्षात आलं, की या विषयावरचे बरेचसे सल्ले अमेरिकेतल्या घरांना धरून दिलेले असतात. तिथल्या आतल्या भिंती बहुधा लाकडी चौकटीवर जिप्समचे बोर्ड ठोकून केलेल्या असतात. खालच्या सुरांना त्या थोड्या हलतात. त्यातला काही भाग गिळतात, काही पलीकडच्या खोलीत जाऊ देतात. आपल्याकडे विटा, काँक्रीट, डोक्यावर स्लॅब आणि पायाखाली व्हिट्रिफाइड टाइल. यातलं काही हलत नाही. त्यामुळे खर्ज खोलीतच कोंडतो आणि वरचा आवाज टाइलवरून, काचेवरून उड्या मारत राहतो. ‘स्पीकर कोपऱ्यात ठेवा, बास वाढेल’ हा सल्ला तिकडे कदाचित चालत असेल, इथे मात्र तो कानावर येतो. न्यू जर्सीत किंवा टोरोंटोत अशा बोर्डाच्या घरात राहणाऱ्या मराठी वाचकांना खाली सांगितलेला खर्जाचा त्रास थोडा कमी होईल. बाकी सगळं त्यांनाही लागू आहे.

हाताशी काय हवं

- पाच मीटरची मोजायची टेप, वही आणि पेन्सिल
- कागदी मास्किंग टेप, फरशीवर खुणा करायला
- न ताणणारी पंधरा-वीस फूट सुतळी
- फूट-दीड फुटाचा सुटा आरसा
- मोबाइलवर टोन जनरेटरचं, म्हणजे हव्या त्या हर्ट्झचा सूर वाजवणारं, एखादं मोफत ॲप
- लेव्हल बघायचं साधन (गवंड्याचं असो वा मोबाइलमधलं)
- दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची लवचिक वायर, दोन्ही स्पीकरना सारख्याच लांबीची
- ऐकायला चार गोष्टी: एक जुनं मोनो (एकाच वाहिनीचं) गायन, नुसता तानपुरा, तबल्याचं एकलवादन आणि कुणाच्या तरी बोलण्याचं स्वच्छ ध्वनिमुद्रण

संगीत असं निवडा, की जे तुम्ही बैठकीत समोर बसून ऐकलं आहे. तानपुरा खरा कसा वाजतो हे ज्याला माहीत आहे, त्याला खोलीचा दोष लगेच कळतो.

१. खोलीची लांबी, रुंदी, उंची मोजा आणि भागाकार करा

तिन्ही मापं फुटांत घ्या आणि ५६५ ला प्रत्येक मापाने भागा. येणारं उत्तर हर्ट्झमध्ये (सेकंदाला होणाऱ्या कंपनांत) असतं, आणि त्या सुरावर तुमची खोली स्वतः गाते. कारण साधं आहे. ध्वनी आपल्या हवेत सेकंदाला साधारण ११३० फूट जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या लाटेची अर्धी लांबी नेमकी बसते, ती लाट तिथे उभी राहते. तिच्या दुप्पट, तिप्पट कंपनांच्या लाटाही तशाच उभ्या राहतात.

उदाहरण म्हणून १२ फूट लांब, १० फूट रुंद, साडेनऊ फूट उंच खोली घेऊ. लांबीमुळे सुमारे ४७, ९४ आणि १४१ हर्ट्झ. रुंदीमुळे ५६ आणि ११३. उंचीमुळे ५९ आणि ११९. हे आकडे वहीत लिहून ठेवा. पुढे कुठला सूर का घुमतो, याचं उत्तर इथेच सापडतं.

आता हे गाण्याला लावून बघा. हार्मोनियमवरच्या काळी एक पट्टीचा षड्ज, म्हणजे सा, १३८.६ हर्ट्झ. त्या पट्टीत लावलेल्या तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास. खोली आठ फूट रुंद असेल तर ५६५ भागिले ८, म्हणजे साधारण ७० हर्ट्झ. अशा खोलीत काळी एकचा तानपुरा लावला, की चार तारांपैकी खर्जाची तार बाकीच्यांना झाकून टाकते आणि गायकाचा खालचा सूर फुगतो. ध्वनिमुद्रण करणाऱ्याची किंवा स्पीकरची यात काही चूक नाही. तीच तबकडी दुसऱ्या खोलीत नीट वाजेल. बारा फुटांच्या खोलीत १४१ हर्ट्झची लाट काळी एकच्या षड्जाच्या अगदी जवळ येते, तेव्हा तिथेही लक्ष ठेवा. काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेचा षड्ज २०८ हर्ट्झच्या आसपास असतो. या लाटांचा त्रास तिच्या आवाजाला त्या मानाने कमी होतो. फार तर तानपुऱ्याच्या खालच्या तारेला होईल. ‘बाईंचं गाणं छान वाजतं, बुवांचं नाही’ अशी तक्रार अनेक घरांत असते, तिचं मूळ पुष्कळदा इथे असतं.

सापळा: लांबी-रुंदी सारखी असलेली खोली. दहा बाय दहा, आणि छतही दहा फुटांच्या जवळपास असेल, तर तिन्ही दिशांच्या लाटा एकाच सुरावर येऊन एकमेकींना जोर देतात. घरात दोन खोल्यांमधून निवडायची मुभा असेल तर चौकोनी सोडा, आयताकृती घ्या, मग ती थोडी लहान असली तरी चालेल.

२. कोणत्या भिंतीकडे तोंड करून बसायचं ते ठरवा

आयताकृती खोलीत स्पीकर आखूड भिंतीपाशी ठेवा आणि लांबीच्या दिशेने ऐका. त्यामुळे डोक्यामागे मोकळी जागा राहते, आणि लहान खोलीत तीच सर्वांत मोलाची आहे. दोन्ही बाजू शक्य तितक्या सारख्या असाव्यात. डावीकडे सरकत्या काचेची खिडकी आणि उजवीकडे उघडा पॅसेज असेल, तर उजवा आवाज निघून जातो आणि डावा परत येतो. खिडकीवर जाड पडदा लावून हा तोल काही प्रमाणात सांभाळता येतो. एका कोपऱ्यात दरवाजा आहे म्हणून स्पीकर सरकवून मांडणी वाकडी करू नका. दरवाजा ऐकताना बंद ठेवता येतो.

३. बैठक पक्की करा, स्पीकर अजून खोक्यातच राहू द्या

नवे लोक इथे उलटा क्रम लावतात. आधी स्पीकर शोकेसजवळ दिसायला बरे वाटतील असे ठेवतात आणि मग सोफा उरलेल्या जागेत. सोफा मागच्या भिंतीला टेकवायची आपल्याकडे रीतच आहे, कारण मधली जागा मोकळी राहते. ऐकण्यासाठी मात्र ती फार वाईट जागा आहे. मघाशी मोजलेल्या लांबीच्या सगळ्या उभ्या लाटा भिंतीपाशी सर्वांत जोरात असतात, त्यामुळे खर्ज सुजतो. शिवाय डोक्यामागच्या काँक्रीटवरून परतणारा आवाज मूळ आवाजात लगेच मिसळतो आणि गायन धूसर होतं.

खोलीच्या बरोबर मध्यभागी बसलात तर उलटं होतं. तिथे पहिल्या लाटेचा जोर जवळजवळ शून्य असतो. बारा फुटांच्या खोलीत डोकं सहा फुटांवर असेल तर ४७ हर्ट्झच्या आसपासचा आवाज गायबच होतो, आणि डग्ग्याचा घुमारा पोकळ लागतो.

या दोन टोकांच्या मध्ये चांगली जागा असते. ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओंत एक अंदाज वापरतात: डोकं खोलीच्या लांबीच्या ३८ टक्के अंतरावर, पुढच्या भिंतीपासून किंवा मागच्या. लहान खोलीत ते मागच्या भिंतीपासून मोजा, म्हणजे पुढे स्पीकरना जागा मिळते. बारा फुटांत हे अंतर सुमारे साडेचार फूट येतं. फरशीवर टेप लावून तिथे खूण करा. याला कायदा समजू नका. इथून सुरुवात करायची आणि मग कानाने सहा-आठ इंच पुढेमागे जायचं.

‘खोलीच्या मध्ये खुर्ची टाकून बसलेलं घरात चालत नाही,’ असं अनेक जण म्हणतात, आणि ते खरंच आहे. म्हणून हलकी खुर्ची घ्या, ऐकण्यापुरती खुणेवर आणा, झालं की भिंतीला लावा. माझ्या मते त्याहून छान उपाय म्हणजे आपली भारतीय बैठक. गादी आणि लोड हवे तिथे ओढता येतात, रात्री आवरून ठेवता येतात, आणि गादीचा कापूस खोलीतला थोडा आवाज शोषतो, तो फायदा वेगळाच. फक्त लक्षात ठेवा, की जमिनीवर बसल्यावर कान खुर्चीपेक्षा बरेच खाली येतात. स्पीकरची उंची त्यानुसार बदलावी लागेल. ते पुढे येतंच आहे.

खुर्ची असो वा सोफा, पाठ खांद्यापर्यंतच असावी. डोक्यामागे उंच उशी असलेल्या रिक्लायनरमध्ये कानाच्या अगदी जवळून आवाज परत येतो, आणि सगळी मेहनत तिथे वाया जाते.

४. त्रिकोण आखा

दोन स्पीकरमधून गायक मधोमध बसल्यासारखा वाटणं, ही कल्पना इंग्लंडच्या ॲलन ब्लूमलाइन या अभियंत्याने १९३१ मध्ये पेटंटसाठी मांडली. सगळा खेळ दोन्ही कानांना मिळणाऱ्या वेळेच्या आणि जोराच्या फरकाचा आहे. तुम्ही एका स्पीकरच्या फूटभर जवळ सरकलात, तर तिकडचा आवाज मिलिसेकंदाच्या नऊ-दशांशाइतका आधी पोहोचतो, आणि एवढ्याने गायक मध्यातून उठून त्या स्पीकरमध्ये जाऊन बसतो. त्यामुळे इथे अंदाजपंचे चालत नाही. टेप लावूनच मोजा.

डावा स्पीकर, उजवा स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण करा. बारा बाय दहाच्या खोलीसाठी मी सुरुवातीला ही मापं सुचवेन:

- पुढच्या भिंतीपासून स्पीकरच्या दर्शनी बाजूपर्यंत २ फूट ८ इंच
- पुढच्या भिंतीपासून डोक्यापर्यंत साडेसात फूट
- दोन ट्वीटरमधलं (स्पीकरमधल्या वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या गोलांमधलं) अंतर ५ फूट ७ इंच, आणि तेवढंच प्रत्येक ट्वीटरपासून डोक्यापर्यंत
- बाजूच्या भिंतीपासून प्रत्येक ट्वीटर सुमारे सव्वादोन फूट

अंतर मोजायला सुतळी वापरा. एक टोक घरातल्या माणसाने तुमच्या नाकाच्या जागी धरायचं, दुसरं ट्वीटरला लावायचं, गाठ मारायची आणि तीच गाठ दुसऱ्या स्पीकरला जुळते का बघायचं. दोन्हीतला फरक अर्ध्या इंचाच्या आत आणा.

भिंतीपासूनच्या अंतरात आणखी एक गोम आहे. खालचे सूर स्पीकरमधून पुढे तसेच मागेही पसरतात. मागे गेलेला आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि एका ठरावीक सुरावर पुढच्या आवाजाला खोडतो. तो सूर काढायला २८२ ला वूफर (खालचे सूर वाजवणारा मोठा गोल) आणि भिंत यांमधल्या फुटांनी भागा. एक फुटावर २८२ हर्ट्झ, दोन फुटांवर १४१, तीन फुटांवर ९४. बघा, बरोबर दोन फूट ठेवले तर खड्डा काळी एकच्या षड्जाशेजारीच पडतो, आणि पुरुष गायकाचा सा हलका लागतो. २ फूट ८ इंचांवर तो १०६ हर्ट्झला सरकतो. तुम्ही ज्या पट्टीतलं गाणं जास्त ऐकता, ती डोळ्यांसमोर ठेवून हे अंतर ठरवा.

सापळा: पुढची भिंत, बाजूची भिंत आणि फरशी, तिन्हींपासून वूफर सारख्याच अंतरावर येणं. मग तिन्ही खड्डे एकाच जागी पडतात आणि तो सूर जवळजवळ ऐकूच येत नाही. निदान काही इंचांचा तरी फरक ठेवा, आणि एक अंतर दुसऱ्याच्या दुप्पट होणार नाही हेही बघा.

खोली इतकी लहान असेल की स्पीकर पुढे ओढताच येत नाहीत, तर अर्धवट दोन फुटांवर अडकण्यापेक्षा भिंतीच्या शक्य तितक्या जवळ न्या. खड्डा वरच्या सुरांत जातो, तिथे तो पडद्याने किंवा जाड पॅनेलने सौम्य करता येतो. खर्ज वाढेल, तो ॲम्प्लिफायरच्या बास नॉबने उतरवा. स्पीकरच्या मागच्या बाजूला हवेचं भोक असेल तर ते गुदमरणार नाही एवढी, निदान चार-सहा इंच, जागा सोडा. कोपरा मात्र कुठल्याही परिस्थितीत टाळा.

५. उंची आणि स्टँड

नेहमीसारखे बसा आणि फरशीपासून कानापर्यंतचं अंतर दुसऱ्याकडून मोजून घ्या. ट्वीटर त्याच उंचीवर हवा. बाजारातले चोवीस इंची स्टँड खुर्चीवर बसणाऱ्यांना साधारण जमतात. भारतीय बैठकीसाठी ते उंच पडतात. जवळच्या फॅब्रिकेटरकडून लोखंडी चौकोनी पाइपचे बुटके स्टँड करून घ्या. पाइपमध्ये कोरडी वाळू भरली की ते घंटेसारखे वाजत नाहीत. तळाचा पत्रा रुंद ठेवा, घरात लहान मूल असेल तर आणखी रुंद. टाइलवर टोकदार खिळे थेट टेकवू नका, चरे पडतात. खाली नाणं किंवा रबरी चकती ठेवा.

स्पीकर टीव्ही युनिटवर किंवा कपाटावर ठेवण्याशिवाय इलाजच नसेल, तर ते फळीच्या अगदी पुढच्या कडेपर्यंत ओढा आणि टीव्हीच्या पडद्याच्या पुढे आणा. उभा स्पीकर जागा वाचवण्यासाठी आडवा करू नका. ट्वीटर आणि वूफर शेजारी-शेजारी आले, की डोकं जरा हललं तरी आवाजाचा रंग बदलतो.

६. वायर जोडा

लालला लाल, काळ्याला काळं. दोन्ही स्पीकरना सारख्या लांबीची वायर. एवढ्या लहान अंतराला दीड चौरस मिलिमीटर तांबं पुरेसं आहे. महागड्या केबलवर पैसे घालवू नका. ॲम्प्लिफायर तीन पिनच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटला लावा. गुणगुण येते म्हणून अर्थिंगची पिन काढायला कुणी सांगितलं तर ऐकू नका, ते जिवावर बेतू शकतं.

एका बाजूची वायर उलटी लागणं ही सर्वांत सामान्य चूक. ओळखायची खूण: खर्ज पातळ होतो आणि मधल्या गायकाला नेमकी जागाच राहत नाही. शंका आली तर ॲम्प्लिफायर बंद करून एकाच स्पीकरच्या तारा अदलाबदल करा आणि पुन्हा ऐका. जिथे बास भरतो आणि आवाज मध्यात येतो, तीच जोडणी बरोबर.

७. ऐकून बारीक दुरुस्ती

आता मोनो ध्वनिमुद्रण लावा. स्टिरिओ एलपी १९५८ च्या सुमारास बाजारात आल्या. त्याआधीच्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेलं कुठलंही गाणं एकाच वाहिनीचं असतं. ते वाजताना गायक दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये, एका जागी, मुठीएवढा ऐकू यायला हवा. एका बाजूला झुकला तर अंतरं पुन्हा मोजा. पसरट वाटला तर स्पीकरचा कोन बघा.

कोनासाठी सुरुवात अशी: दोन्ही स्पीकर तुमच्याकडे वळवा, इतके की त्यांच्या नजरेच्या रेषा तुमच्या डोक्याच्या फूटभर मागे एकमेकींना छेदतील. आवाज टोचतो असं वाटलं तर दोन्ही सारखेच थोडे बाहेर वळवा. मध्य विरळ झाला तर आत. एका वेळी बोटभरच हलवा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. कोन, अंतर, खुर्ची असं सगळं एकदम हलवलं की कशाने फरक पडला ते कळत नाही.

मग खर्ज. टोन जनरेटरवर सूर ३० हर्ट्झपासून २०० पर्यंत हळूहळू चढवत न्या. आवाज बेताचा ठेवा, लहान वूफर खालच्या सुरांत जोर लावला तर बिघडतात. कुठे एकदम फुगतो, कुठे नाहीसा होतो, ते आकडे वहीत लिहा आणि पहिल्या पायरीतल्या आकड्यांशी ताडून बघा. लांबीच्या लाटेचा त्रास असेल तर खुर्ची पुढेमागे करा. दर तीन-चार इंचांना तोच सूर ऐका. एका जागी तो निवळतो. खड्डा भिंतीच्या अंतराचा असेल तर स्पीकर हलवा आणि त्रिकोण पुन्हा जुळवा. हे काम कंटाळवाणं वाटेल, पण गाणं ऐकण्यातला खरा आनंद याच तासाभरात मिळवायचा असतो, म्हणून घाई करू नका. शेवटी तानपुरा लावा: चारही तारा एकसारख्या ऐकू आल्या आणि वरचे स्वयंभू (तारांतून आपोआप उमटणारे) स्वर हवेत तरंगले, की जागा सापडली.

तुलना करताना आवाजाची पातळी नेहमी सारखी ठेवा. हळू आवाजात कानाला खर्ज कमीच ऐकू येतो. हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं होतं. दुपारी मोठ्याने लावलेली जागा रात्री हळू ऐकताना पातळ वाटली, तर स्पीकर हलवू नका, बास नॉब थोडा चढवा.

८. फरशी आणि भिंती

खोलीच्या मध्ये उभं राहून टाळी वाजवा. मागोमाग ‘टर्रर्र’ असा कंप ऐकू आला, तर आवाज दोन उघड्या भिंतींमध्ये फेऱ्या मारतोय. पहिला उपाय फरशीवर: स्पीकर आणि बैठक यांच्यामध्ये जाड गालिचा, तो नसेल तर दुपदरी सतरंजी किंवा घोंगडी. मधलं काचेचं टीपॉय काढून टाका.

बाजूच्या भिंतींसाठी आरसा लागतो. तुम्ही जागेवर बसा, दुसऱ्याला आरसा भिंतीला चिकटवून कानाच्या उंचीवर सरकवायला सांगा. ज्या ठिकाणी आरशात जवळचा ट्वीटर दिसतो, तिथून पहिला परतीचा आवाज येतो. खूण करा. हा आवाज मूळ आवाजानंतर काही मिलिसेकंदांतच येतो, त्यामुळे वेगळा प्रतिध्वनी म्हणून ऐकू येत नाही. कान त्याला पहिल्या आवाजातच मिसळून टाकतो, हे हेल्मुट हास यांनी १९४९ च्या आपल्या प्रबंधात दाखवलं. पण गायकाची जागा आणि आवाजाचा रंग त्याने बिघडतो. या खुणांवर दोन ते चार इंच जाडीचं रॉकवूलचं (दगडापासून केलेल्या लोकरीचं) पॅनेल, लाकडी चौकटीत घालून सगळ्या बाजूंनी कापडाने बंद केलेलं, उत्तम. घनमीटरला साधारण ४८ किलो भरणारं रॉकवूल इन्सुलेशनच्या दुकानात मिळतं. हाताळताना हातमोजे आणि मास्क घाला, तंतू त्वचेला आणि श्वासाला त्रास देतात. एवढं करायचं नसेल तर चुण्या घातलेला जाड पडदा किंवा कमी-जास्त जाडीच्या पुस्तकांनी भरलेलं कपाटही बरंच काम करतं.

दोन सापळे इथे आहेत. पहिला म्हणजे अंड्यांचे ट्रे. ते आवाज नीट शोषतही नाहीत, शेजाऱ्यांकडे जाणारा आवाज थांबवतही नाहीत, आणि आगीला आमंत्रण देतात. दुसरा, इंचभर जाडीचा फोम सगळ्या भिंतींवर चिकटवणं. त्याने फक्त सर्वांत वरचा आवाज मरतो आणि खर्ज तसाच राहतो. खोली गुदमरलेली आणि घुमणारी, दोन्ही होते. ५० हर्ट्झची लाट बावीस-तेवीस फूट लांब असते, इंचभर फोम तिला काय अडवणार? खर्जासाठी जाडीच लागते: मागच्या कोपऱ्यात फरशीपासून छतापर्यंत जाड पॅनेल, किंवा निदान गुंडाळलेल्या कापसाच्या गाद्या. जुन्या रजयांसारखं घरात बरंच काही असतं. जे मऊ, जाड आणि हवा आरपार जाणारं आहे ते चालतं. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात या गोष्टी भिंतीपासून थोड्या सुट्या ठेवा, नाहीतर मागे बुरशी धरते.

९. खडखड शोधा

तोच ३० ते २०० हर्ट्झचा सूर पुन्हा सोडा आणि खोलीत फिरा. लोखंडी कपाटाचा पत्रा, शोकेसची काच, ट्यूबलाइटची पट्टी, सरकत्या खिडकीची चौकट, पडद्याचा रॉड यांपैकी काहीतरी नक्की थरथरतं. फेल्टचे तुकडे, रबर, घट्ट केलेले स्क्रू, एवढ्यावर भागतं. पंख्याचा आवाज त्याच वेळी तपासा. डुगडुगणारा पंखा आधी दुरुस्त करा.

१०. माइक आणि इक्वलायझर, हवं असेल तर

रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर आणि मोजमापासाठीचा यूएसबी माइक, उदाहरणार्थ मिनीडीएसपीचा यूमिक-१, यांनी खोलीचा आलेख काढता येतो. कानाने जे ऐकलं ते डोळ्यांना दिसतं, आणि वाद मिटतात. इक्वलायझर (वेगवेगळ्या सुरांचा जोर कमी-जास्त करण्याची सोय) वापरायचा तर फुगवटे खाली आणायला वापरा. खड्डे भरायला जाऊ नका. दहा डेसिबल वाढवायचे म्हणजे ॲम्प्लिफायरकडून दहापट शक्ती मागायची, आणि खड्डा तर दोन लाटा एकमेकींना खोडल्यामुळे पडलेला असतो. जेवढं जास्त घालाल तेवढं जास्त खोडलं जाईल. तो फक्त जागा बदलून जातो.

सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा वेगळा स्पीकर, शक्यतो सुरुवातीला घेऊच नका. घेतलाच तर तो आधी बैठकीच्या जागी ठेवा, बासचा एखादा तुकडा लावा आणि स्वतः भिंतीकडेने खाली वाकून फिरा. जिथे तुम्हाला खर्ज सर्वांत सम ऐकू येतो, तिथे सबवूफर ठेवा.

शेजाऱ्यांचं भान आपल्या इमारतींत ठेवावंच लागतं. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्रीची वेळ दहा ते सकाळी सहा, आणि निवासी भागात त्या वेळची मर्यादा ४५ डेसिबल आहे. खालच्या मजल्यावर सर्वांत आधी खर्ज पोहोचतो, म्हणून दहानंतर बास उतरवा.

सगळं जुळलं, की स्टँडच्या चारही कोपऱ्यांशी आणि खुर्चीच्या पायांशी रंगीत टेपचे छोटे तुकडे चिकटवा. लादी पुसताना स्पीकर हलणारच आहेत. पाच मापं, म्हणजे भिंतीपासूनची दोन, दोघांमधलं एक, डोक्यापर्यंतचं एक आणि उंची, कागदावर लिहून ॲम्प्लिफायरच्या खाली ठेवा. टेप निघाली तरी दहा मिनिटांत सगळं परत जागेवर येईल.